थांबता का, जावईबापू?

सासऱ्यांची ती आखूड लाल गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दिसायला बाजारहाटाची गाडी, पण तरुणपणी तिने रस्त्यावर भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. हल्ली ती स्वतःच पेट्रोलइतकं तेल प्यायला लागली होती. म्हणून सासऱ्यांनी इंजिन उतरवून दुरुस्त केलं आणि परत बसवायला चक्क जावयाला बोलावलं.

जावई हरखून गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासरे त्याच्याशी 'जावईबापू' आणि 'आपण' सोडून बोलले नव्हते. घरच्या मांजरीलासुद्धा ते 'ये गं बाई' म्हणत. याच्या वाट्याला मात्र पाहुण्याचा मान, आणि तो मान त्याला मनातून फार बोचायचा. आज बरोबरीने हात बरबटले की आपण घरचे होऊ, अशी त्याची भाबडी आशा होती.

इंजिन कप्पीच्या साखळीला लटकलं होतं. साखळी जावयाच्या हातात होती आणि सासरे वाकून वाट दाखवत होते.

"जावईबापू, आपल्याला त्रास होणार नसेल, तर जरा थांबता का?"

हे लांबलचक वाक्य संपेपर्यंत इंजिनाने रेडिएटर चेपला होता.

"असू द्या, असू द्या. चूक माझीच," सासरे म्हणाले. एखादी शिवी हासडली असती तरी जावयाला बरं वाटलं असतं.

मग जागांची अदलाबदल झाली. सासऱ्यांनी साखळी धरली. जावई इंजिन ज्यावर बोल्टांनी बसतं त्या माउंटिंगची भोकं जुळतायत का ते बोटांनी चाचपायला लागला. इंजिन खाली येता येता एकाएकी कललं, ते नेमकं त्याच्या बोटांच्या दिशेने.

"अरे हात काढ, गाढवा!"

त्याने हात ओढला आणि इंजिन धाडकन माउंटिंगवर आदळलं. सासरे साखळी सोडून धावले. त्याचं एकेक बोट वाकवून पाहू लागले.

"बाबा! जावयाला गाढव म्हणालात?" आवाज ऐकून दारात आलेली मुलगी ओरडली.

सासऱ्यांचा चेहरा पडला. हात सोडून ते दोन पावलं मागे सरले. "माफ करा, जावईबापू. घाबरून तोंडून गेलं. पुन्हा होणार नाही."

आता नाही बोललो तर कधीच नाही, असं जावयाला वाटलं.

"बाबा, माफी नको. गाढव म्हणा, काहीही म्हणा. पण ते 'अरे' तेवढं राहू द्या."

सासऱ्यांनी तेलकट हात पँटला पुसले आणि घसा खाकरला.

"मग इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसला होतास होय रे?"