हत्तीचे केस

शहाण्णव सालच्या जानेवारीत बसवंतराव गेले, तेव्हा त्यांचा ससा पिंजऱ्यात वाळकं गवत चघळत बसला होता. यशवंतपूरच्या त्या गल्लीत सगळे त्याला हत्ती म्हणत. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस, आणि लांब केसांच्या अंगोरा जातीचा तो छोटा ससा होताही पिंजलेल्या कापसासारखा. कान सापडेपर्यंत त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते कळत नसे. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर बसवंतरावांनी तो एवढासा आणला, रोज मांडीवर घेऊन विंचरला, केसांत कधी गाठ होऊ दिली नाही. यंदाच्या सशांच्या प्रदर्शनात त्याला ठेवायचाच, असं त्यांनी शेजारच्या हयवदनअण्णांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, विद्याने, तेवढी इच्छा पुरी करायचं ठरवलं.

सुतकात घर कृष्णाआत्याच्या ताब्यात गेलं. बसवंतरावांची ही थोरली बहीण बेळगावहून आली होती. सुतकात केस विंचरायचे नाहीत, म्हणून तिने घरातले सगळे कंगवे उचलून ठेवले. त्यांत सशाचाही गेला. भावाच्या लाडक्या जनावराने वाळकं गवत खावं हे तिला बघवेना. ती त्याला तूप लावलेली पोळी भरवू लागली. विद्याला हे दिसत होतं, पण भरल्या घरात सशावरून आत्याशी वाद घालणं तिला बरं वाटलं नाही.

तेरावं झालं आणि हत्तीने खाणं सोडलं. लेंड्या आधी बारीक झाल्या, केसांत मणी ओवल्यासारख्या, मग थांबल्याच. अंगभर गाठी. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. ससा स्वतःला चाटतो, सुटलेले केस गिळतो, आणि मांजरासारखं त्याला ओकता येत नाही, असं ते म्हणाले. एरवी बरेचसे केस कंगव्यात निघतात, उरलेले गवताबरोबर पोटातून पुढे सरकतात. इथे दोन्ही बंद झालं होतं. त्यांनी औषध दिलं, गवत आणि पाणी समोर ठेवायला सांगितलं, आणि अंगावरचे केस काढायला.

प्रदर्शन त्याच रविवारी होतं. हयवदनअण्णांचं मत पडलं, गाठी तेवढ्या कापाव्यात; स्वल्प सांभाळून घेतलं तर वरचे केस रविवारपर्यंत टिकतील. विद्याने त्यांचं ऐकून घेतलं, हत्तीला मांडीवर घेतलं आणि सगळे केस उतरवले. खाली निघाला तो मुठीएवढा, गुलाबी कानांचा, थरथरणारा जीव.

दारातून आत्या म्हणाली, "बसवंताला मुलगा नाही. सशानं तरी क्षौर केलं." मग जवळ येऊन हळूच विचारलं, "माझ्यामुळं झालं काय गं?"

"दोघींमुळे. मी बघत होते. पाय धर त्याचा, पोटाखालचे राहिलेत."

आत्याने धरला.

दुसऱ्या संध्याकाळी हत्तीने गवताची एक काडी ओढली. पुढल्या सकाळी पिंजऱ्यात चांगल्या गोल, टपोऱ्या लेंड्या पडल्या होत्या. विद्याने आत्याला हाक मारली, आणि सोनाराकडून नवा दागिना घरी यावा तशा दोघी वाकून बघत राहिल्या.

रविवारी विद्या पिंजरा घेऊन निघाली. असा नेणार? लोक हसतील, असं अण्णा म्हणाले. हसू देत, ती म्हणाली. आत्याही चपला घालून बरोबर आली.

लोक हसलेच. दोन्ही बाजूंना फुललेले, विंचरलेले ससे, आणि मध्ये हा. परीक्षकांनी कातडी बघितली, कुठे जखम नाही म्हणाले आणि पुढे गेले. बक्षीस मिळण्याचा प्रश्नच नव्हता. एका बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, हे काय, उंदीर आहे का?

विद्या बोलणार, तोच आत्या पुढे झाली. तिने तिच्या बेळगावी कन्नडमध्ये ठणकावून सांगितलं, की हा अंगोरा आहे, माझ्या भावाचा. मरता मरता उठलाय. माझ्या भाचीनं उठवलाय.

मग विद्याकडे वळून मराठीत म्हणाली, "नीट उभी राहा की. मान खाली कशाला?"

विद्या नीट उभी राहिली. पिंजऱ्यात हत्ती करकर आवाज करत गवत खात होता.