माझ्यामुळे पास झालेली नदी

भामा लग्न होऊन तिरुवैयारुजवळच्या आमच्या गावात आली, ते वर्ष एकोणीसशे शहात्तर. त्याच वर्षी कुंभकोणमच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि माहेरच्यांनी मला तिच्याबरोबर धाडलं. मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना चेंबू आहे. तुमच्याकडे मला नुसता तांब्या म्हणत असतील.

अठ्ठेचाळीस वर्षं माझं काम एकच होतं. संध्याकाळी भामा मला कावेरीत बुडवायची, पाणी धुतल्या पंच्यातून गाळायची, तुळशीची दोन पानं घालून मला देवापुढे ठेवायची. सकाळी घरातले सगळे ते तीर्थ घ्यायचे. तिचे यजमान अनिरुद्धराव पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या चेंबूतलं पाणी कुणाला बाधत नाही." चिंचेने घासलेला मी ते ऐकून फुगायचो.

पुढे वरच्या अंगाला वस्ती वाढली. तिचा नाला घाटाशेजारीच नदीत पडू लागला. पाण्यावर फेस आला, मासे उलटे तरंगले. तरी माझ्यात रात्रभर राहिलेलं पाणी कुणाला बाधलं नाही. तांब्याचा हा गुणच आहे. त्याच गुणाने घात केला.

दोन हजार चोवीस साली नदीकाठच्या तीस गावांचा मिळून एक आराखडा होऊ लागला. ज्या घाटाचं पाणी वाईट ठरेल, तिथला नाला आधी वळवायचा, साफ करायचा, मगच नदीत सोडायचा. त्या कामावरचे वेंकटरमण दुपारी येऊन भामाच्या हाती एक बाटली देऊन गेले.

"अम्मा, उद्या सकाळी घाटावरून भरा. जसं आहे तसं. सातला मी नेतो."

भामाने मान डोलावली. आणि संध्याकाळी मला घेऊन, नाला टाळून, पार नदीच्या मध्यापर्यंत गेली. नऊ वर्षांची नात कीर्तना काठावरून ओरडली, "आजी, जसं आहे तसं म्हणाले की ते!"

"गप गे, मोठी कलेक्टर! परक्यांपुढे कावेरीआईला पारोशी उभी करू काय?"

"मग पावडर लाव, वेणीही घाल!"

भामा हसली. तिने पाणी गाळलं, तुळस घातली. सकाळी ते माझ्यातून बाटलीत गेलं.

महिन्याने निकाल आला. पाणी उत्तम. आमचा घाट यादीतून वगळला.

भामा बसने तंजावूरला कचेरीत गेली. मला पिशवीतून नेलं, पुरावा म्हणून.

"माझी चूक झाली. ह्याच्यातलं पाणी दिलं मी. नाला तरी बघा की येऊन!"

"नाला मला दिसतो, अम्मा," वेंकटरमण खाली मान घालून म्हणाले. "पण कागदावर तीस गावांत तुमचं पाणी सगळ्यांत चांगलं. यादीवर सह्या झाल्या. आता फेरतपासणी एकोणतीस साली."

घरी आल्यावर भामाने मला फळीवर पालथं घातलं. बाकीचे कॅनचं विकतचं पाणी पिऊ लागले. ती मात्र रोज घाटावर जाऊन ओंजळीनेच तीर्थ घ्यायची. कीर्तना रडायची, "आजी, चेंबूतलं घे की!"

"मी लपवलं, ते मीच पिणार."

साठी उलटल्यावर नातीकडून शिकलेल्या अक्षरांत ती दर महिन्याला कचेरीला पत्र लिहायची: पाणी तसं नव्हतं, नाला वळवा. उत्तर येत नव्हतं. तिचे डोळे पिवळे होत गेले. मी फळीवरून पाहत होतो. मला हात नाहीत, मित्रांनो. तिने एकदा मला सुलटं केलं असतं, एकदा भरलं असतं!

आता कीर्तना दर रविवारी घाटावर बाटली भरते, फेसासकट, आणि कचेरीत नेऊन ठेवते. ती अजून कुणी तपासलेली नाही.

मित्रांनो, मला घासू नका, कपाटात मिरवू नका. तुमच्या नदीचं पाणी कुणी मागितलं, तर जसं आहे तसं द्या. तिची लाज राखायला जाऊ नका. नाला अजून वाहतो आहे. कुणीतरी लवकर या.

भामा गुरुवारी, ११ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी, तंजावूरच्या इस्पितळात काविळीने गेली.