तिसऱ्या अंकाचे कपडे

फ्रेंचच्या बाईंना पुढचं पान आधी वाचायची सवय नव्हती. सगळा घोटाळा तिथून झाला.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. हौशी नाट्यमंडळाने यंदा फ्रेंच प्रहसन करायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी आपल्या कपाटातलं एक जुनं, पिवळ्या कडांचं पुस्तक काढलं आणि त्यातल्या 'छत्रीवाल्याची चूक' या नाटकाचा अनुवाद एकेक अंक करून मंडळाच्या हातात द्यायला सुरुवात केली. "शेवट कळला की माझा हात चालत नाही," त्या म्हणायच्या. "तुमच्याबरोबर मलाही कळू दे की!"

पहिला अंक बसला, दुसरा बसला. मग एका मंगळवारी बाई ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये तालमीला आल्या त्या चेहरा पाडूनच. पुस्तक टेबलावर उघडं ठेवून म्हणाल्या, "तिसरा अंक नाही."

"नाही म्हणजे? लिहून झाला नाही?" दिग्दर्शकाने विचारलं. दिग्दर्शक एरवी पोस्टमास्तर होता आणि कुठलीही गोष्ट वेळेवर पोहोचली नाही की त्याच्या कपाळावर तीन आठ्या पडत.

"नाही म्हणजे पुस्तकातच नाही. सोळा पानं शिवणीतून निखळून गेलीत. बहात्तरनंतर थेट एकोणनव्वद, आणि त्यावर दुसरंच नाटक सुरू."

टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. आणि खरोखरच एक पडली.

ती टाचणीमावशींच्या तोंडातली. मावशी कपडे शिवायच्या, खाली रस्त्यापलीकडे त्यांचं बेतशीर दुकान होतं, आणि काम करताना ओठांत सहा-सात टाचण्या धरायची त्यांची सवय इतकी जुनी होती की गिऱ्हाइकांनी त्यांचं नावच तसं पाडलं होतं. नाटकाशी त्यांचा तसा काही संबंध नव्हता. सून औषधांच्या दुकानात काम करायची आणि तिला नाटकाचं वेड. तिनेच, "आई, फक्त कपड्यांचं बघा हो," म्हणून त्यांना ओढून आणलं होतं. सून नाटकात छत्रीवाल्याची बायको झाली होती. पहिल्या तालमीला तिला छत्रीवाला झालेल्या दातांच्या डॉक्टरांच्या गळ्यात पडताना बघून सासूबाईंनी मान खाली घातली होती, चौथ्या तालमीला त्याच सासूबाई, "अगं, अशी लाकडासारखी काय पडतेस? बाहीला चुण्या पडू देत," असं सांगायला लागल्या होत्या.

"पण मग त्याचं पुढे होतं काय?" टाचण्या काढून हातात घेत मावशींनी विचारलं.

हाच तर प्रश्न होता. दुसरा अंक संपतो तेव्हा परिस्थिती अशी: छत्र्यांचा व्यापारी बायकोपासून लपून नाच शिकायला जातो, लग्नाच्या वाढदिवसाला तिला चकित करावं म्हणून. त्याच वर्गाला एका कर्नलची बायको येते. कर्नलला वाटतं, हा आपल्या बायकोच्या मागे आहे. इकडे बायकोला नवऱ्याच्या खिशात बाईचा हातमोजा सापडतो. कर्नल काठी घेऊन दार ठोठावतोय, नवरा कपाटात शिरलाय, बायको हातमोजा नाचवतेय, नोकर घाबरून दिवा फुंकतो. पडदा. आणि त्यापुढे सोळा पानांचा अंधार.

"प्रयोगाला तेवीस दिवस आहेत," पोस्टमास्तर म्हणाला. "पत्रकं वाटून झाली. फ्रेंचांच्या तिकडच्या मोठ्या ग्रंथालयाला आजच पत्र टाकतो, पण उत्तर कधी येईल ते त्यांचं त्यांना ठाऊक."

"दुसरं नाटक घेऊ," कर्नल झालेले पोहण्याचे प्रशिक्षक म्हणाले.

"आणि मी पाठ केलेलं सगळं पाण्यात?" डॉक्टर उसळले. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं बघणाऱ्या या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचं तोंड उघडायला मिळालं होतं. ते सहजासहजी मिटणार नव्हतं.

बराच वेळ घोळ चालला. मावशी मात्र आपल्या पिशवीत काहीतरी शोधत होत्या. शेवटी त्यांनी एक चार घड्यांचा कागद काढला.

"बाई, ही यादी तुम्हीच मला दिली होती. पहिल्या आठवड्यात. कुणाचे कुठल्या अंकात कुठले कपडे, ते."

"हो, पुस्तकाच्या सुरुवातीला छापली होती. तेवढी आधी करून दिली, तुम्हाला शिवायला वेळ हवा म्हणून."

"मग तिसऱ्या अंकाचे कपडे आहेत की हिच्यात," मावशी म्हणाल्या. "मी निम्मे शिवलेतसुद्धा."

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. मावशींनी बोट ठेवून वाचायला घेतलं. नवरा: नोकराचा गणवेश, उजवी बाही खांद्याशी कच्च्या टाक्याची. नोकर: मालकाचा पहिल्या अंकातला सूट. कर्नल: बाईचा घरातला झगा, खाली स्वतःचे बूट. बायको: प्रवासाचा कोट, तोंडावर जाळी येणारी टोपी. आणि शेवटी एक ओळ: काळ्या पोशाखातली बाई, टोपी तशीच.

"ही कोण?" सुनेने विचारलं. "अख्ख्या दोन अंकांत काळ्या पोशाखातली बाई नाहीच."

"तेच मी महिनाभर मनात घोळवतेय. विचारायचं राहून गेलं. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत असेल."

आता मावशींना राहवेना. उद्याची शिवणं परवावर गेली. बुधवारी दुपारी त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि सगळे कपडे मोठ्या टेबलावर माणसांसारखे मांडले, बाह्या पसरून. मालकाचा सूट नोकराच्या अंगावर, नोकराचा गणवेश मालकाच्या. म्हणजे अंधारात दोघांनी कपडे बदललेत. कशाला? कर्नलच्या हातून निसटायला, दुसरं काय! पण बाही कच्च्या टाक्याची का? फाटलेली बाही हवी असती तर 'फाटकी' लिहिलं असतं. कच्चा टाका म्हणजे ती लोकांसमोर उसवायची. खांद्याशी उसवते म्हणजे कुणीतरी मागून धरून ओढतं. त्यांनी गणवेश उचलून स्वतःच ओढून पाहिला. मागून धरलं की माणूस पुढे पळतो आणि बाही धरणाऱ्याच्या हातात राहते. वा!

शनिवारच्या तालमीला त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि नुसतं सांगून भागणार नाही म्हणून प्रत्येकाला आपापले कपडे चढवायला लावले. मग गंमत झाली. गणवेश डॉक्टरांना इतका तोकडा झाला की ते आपोआप नोकरासारखे आखडून चालायला लागले. नोकराचं काम करणारा बसचालक सुटात शिरताच एक हात खिशात घालून छाती पुढे काढून उभा राहिला आणि त्याने डॉक्टरांना फर्मावलं, "दार उघड!" आणि डॉक्टरांनी उघडलं. बाहेर कर्नल.

"हेच लिहून घ्या," पोस्टमास्तर ओरडला. बाईंची पेन्सिल पळायला लागली.

"पण मी बाईच्या झग्यात कसा?" प्रशिक्षकांनी विचारलं. "आणि बूट तेवढे माझेच?"

"बूट तुमचे आहेत म्हणजे घाईत बदललंय," मावशी म्हणाल्या. "विजार गेली, बूट राहिले. भिजलात तुम्ही. नोकर मालकाच्या रुबाबात आहे, त्याला काम येत नाहीसं झालंय, त्याने खिडकीतून बादली रिकामी केली आणि खाली तुम्ही."

"अहो, विजार बूट काढल्याशिवाय निघेल कशी?"

मावशींनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "बूट परत घातलेत," त्या म्हणाल्या. "लष्करातला माणूस अनवाणी चारचौघांत येईल होय?" प्रशिक्षकांना हे एकदम पटलं. ते स्वतः दिवसभर अनवाणीच असायचे, पण तो भाग वेगळा.

असं करता करता आठ दिवसांत बराचसा अंक उभा राहिला. अडला तो काळ्या पोशाखापाशी. दोन अंकांत जिचं नुसतं नाव निघतं ती कर्नलची बायकोच ही असणार, यावर शेवटी एकमत झालं. दोन टोप्या सारख्या, दोन्हींना जाळी. म्हणजे नवरा एकीला दुसरी समजणार. आपली बायको रुसून निघाली असं समजून तो कर्नलच्या बायकोपुढे गुडघे टेकणार, नाचाच्या वर्गाचं सगळं कबूल करणार, आणि खरी बायको दाराआडून ऐकणार. ऐकून तिचा राग पळणार. पण ती काळ्या पोशाखातली बाई त्यावर काय बोलणार? बाईंनी सहा वाक्यं लिहून पाहिली. सहाही पडली.

"आधी माणूस ठरवू, मग वाक्य," पोस्टमास्तर म्हणाला. "पोशाख कुणाला होतो?"

पोशाख कुणालाच होईना. सुनेला ढगळ, बाईंना आखूड. सगळ्यांच्या नजरा हळूहळू मावशींकडे वळल्या. तो घालणारं कुणी ठरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी तो स्वतःच्या मापाने शिवला होता.

"छे! मला मेलीला बोलता कुठे येतं?"

"आई, दोन मिनिटांचं काम आहे. नुसतं उभं राहायचं."

"नुसतं उभं राहायला मी खुंटी आहे का?" मावशी म्हणाल्या. पण त्यांनी पोशाख हातात घेतला आणि बटणं लावायला लागल्या.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला. तिसऱ्या अंकात मावशी उजव्या विंगेत उभ्या होत्या, तोंडावर जाळी, तळहात घामाने चिंब. समोर रंगमंचावर कर्नलने मागून गणवेश धरला, डॉक्टर पुढे पळाले, आणि बाही 'टर्र' करून कर्नलच्या मुठीत राहिली. हास्याची एक लाटच आली. मावशी भीती विसरल्या. टाका अगदी हवा तिथेच सुटला होता, पाऊण इंचही इकडे तिकडे नाही.

मग त्यांना आत ढकलण्यात आलं. प्रकाश डोळ्यांवर आला. एका बाहीचे डॉक्टर धावत येऊन त्यांच्या पायाशी बसले आणि बोलायला लागले. मंगळवारचा नाचाचा वर्ग, हातमोजा, वाढदिवस, चोरून शिकलेली ती तीन पावलं. तालमीत मावशींनी हे दहा वेळा ऐकलं होतं, पण जाळीआडून, इतक्या जवळून, कधी ऐकलं नव्हतं. एवढा मोठा माणूस घामाघूम होऊन बायकोसाठी नाच शिकतो म्हणजे काय! बाईंच्या सातव्या वाक्याची वेळ आली आणि गेली. बोलायचं होतं, 'महाशय, आपण चुकलात.' मावशींना ते आठवलंच नाही. त्यांनी जाळी वर केली, वाकून डॉक्टरांकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं,

"बरं, मग? पुढे काय झालं?"

सगळा हॉल हास्याने फुटला. मागच्या रांगेतला कुणीतरी खुर्चीवर हात आपटत होता. डॉक्टर आ वासून बघत राहिले, आणि मग, जे लिहिलेलंच नव्हतं ते, उठून त्यांनी मावशींना ती तीन पावलं नाचून दाखवली. खरी बायको दाराआडून बाहेर आली तेव्हा सून हसत होती की रडत होती, हे सासूला कळेना. पडदा पडला.

ग्रंथालयाचं पाकीट त्यानंतर पाच आठवड्यांनी आलं. पोस्टमास्तरने ते स्वतः आणून दिलं आणि बाईंनी सगळ्यांना बसवून तिसरा अंक वाचून दाखवला, जागच्या जागी अनुवाद करत. कपड्यांची अदलाबदल होती. बाही उसवत होती. कर्नल भिजत होता, पण बादलीने नव्हे, कारंज्यात पडून. आणि काळ्या पोशाखातली बाई कर्नलची बायको नव्हतीच. शेजारच्या घरात पाहुणी आलेली एक अनोळखी बाई, पत्ता चुकून आत शिरलेली. नवरा तिच्यापुढे सगळं ओकतो आणि ती 'क्षमा करा' म्हणून निघून जाते.

"बस? एवढंच?" प्रशिक्षक म्हणाले. "आपलं बरं होतं."

"आपलं बरं होतंच," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी तेवढ्या आपल्या यादीचा कागद उलगडून बघत होत्या. घरी जाताना सुनेने विचारलं, "वाईट वाटलं का हो, आई? चुकलं म्हणून?"

"वाईट कशाला? पण ती टोपी का सारखी, ते काही बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी गाळलं, की पुस्तकातच नाही?"

"विचारा की त्यांना."

मावशींनी विचारलं. बाई म्हणाल्या, एक वाक्य आहे खरं, पण फ्रेंचमध्ये टोपीवर कोटी आहे, ती आपल्याकडे येत नाही, म्हणून सोडून दिली. मावशींना ते रुचलं नाही. येत नाही म्हणजे काय, ते त्यांना बघायचं होतं. गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं. त्या दिवशी वही घेऊन त्या बाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

पहिल्या धड्याला बाईंनी 'नमस्कार' आणि 'आपण कशा आहात' काढलं. मावशींनी ते बाजूला सारलं. "बाहीला काय म्हणतात, ते सांगा."

"मांश. स्त्रीलिंगी."

"आपल्यासारखंच. ती बाही. आणि खिसा?"

"पोश. तीही स्त्रीलिंगी."

मावशींचा हात थांबला. "आपल्याकडे तो खिसा. तिकडे ती का?"

"का ते कुणीच सांगू शकत नाही. भाषेत असं असतं. पाठ करायचं."

"असं कसं?" मावशी वहीवरून मान वर न करता म्हणाल्या. "कुणीतरी कधीतरी ठरवलंच असेल ना? बरं, बटण?"