पायऱ्यांचा कठडा

कटर काचेवरून ओढताना मध्ये थांबायचं नसतं. काचवाला थांबला. लेकीच्या पत्रातलं एक वाक्य आठवलं, हात अडकला आणि काच हवी तिथे न तुटता तिरकी गेली. त्याने दोन्ही तुकडे भंगाराच्या पेटीत ठेवले. आपटले नाहीत, ठेवले. पत्र येऊन दोन महिने होत आले होते. उत्तर काही गेलं नव्हतं.

पत्राआधी घडलं ते असं. लेकीच्या घरी तो खिडकीला काच बसवत होता. जावई म्हणाला, "जरा हळू, बाळ झोपलंय." एवढंच. काचवाल्याने खिडकीचं दार असं आपटलं, की नव्या काचेचे तुकडे पाळण्यापर्यंत उडाले. बाळाला लागलं नाही. लेक उठली. केरसुणी घेऊन आली. तो हत्यारं गोळा करून निघाला, आणि पुढच्याच आठवड्यात कुणाला न विचारता त्याने दवाखान्यातल्या वर्गात नाव घातलं.

वर्गाचं नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. ते तोंडात बसेना म्हणून तो 'रागाची शाळा' म्हणे.

"या वयात शाळा," बायको म्हणायची. "नापास झालात तर पालकांना बोलावतील. मी येणार नाही."

पण राग चढला की गार पाण्यात तोंड बुडवायचं असं तिथे शिकवलं, तेव्हापासून मोरीजवळ मोठं भांडं भरून ठेवायला तिनेच सुरुवात केली होती.

काच तिरकी गेली त्या संध्याकाळी वर्ग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "ज्यावरून डोकं फिरलं ते शेजारच्याला सांगा. घडलं तेवढंच. मनचं असेल ते वेगळं काढायचं."

शेजारी कंडक्टरबाई होती. बसमध्ये एका प्रवाशाच्या थोबाडीत दिली म्हणून तिच्या साहेबांनी तिला इथे धाडलं होतं. काचवाल्याने खिशातून पत्र काढून तिच्यापुढे धरलं.

"तुम्हीच वाचा. मी वाचलं की नुसता टोमणा ऐकू येतो."

कंडक्टरबाईने थांब्यांची नावं पुकारावीत तसं वाचलं. "'बाबा, खिडकीची काच आम्ही दुसऱ्याकडून बसवून घेतली. थंडी वाढली होती. बाळ आता पालथं पडतं. दारातल्या पायऱ्यांना कठडा लावून घेतला. आई कशी आहे?' बस, एवढंच? यात टोमणा कुठाय?"

"दुसऱ्याकडून, म्हणे. काचवाल्याच्या लेकीने. धंद्यातली माणसं हसतील मला."

"हसली का?"

"अजून नाही."

"मग ते तुमच्या मनचं. काढा बाजूला." तिने पुन्हा कागदाकडे पाहिलं. "हा कठडा कुणासाठी?"

"बाळासाठी असेल."

"पालथं पडणारं मूल कठडा धरून पायऱ्या चढतं होय? आमच्या बसला आणा, त्याचं तिकीटच फाडते."

तो हसला नाही. दुखऱ्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला. खिडकी आपटली त्या दिवशी लेकीच्या दारातल्या पायऱ्या चढताना तो दोनदा भिंतीला टेकला होता. मागून जावई हत्यारांची पिशवी घेऊन येत होता. दोन्ही वेळा तोही थांबला होता.

घरी आल्यावर त्याने कागद घेतला. 'काचेला पुट्टी कसली भरली,' एवढं लिहून झालं आणि कान तापले. तो उठला, मोरीशी गेला आणि भांड्यात तोंड बुडवलं.

"अधूनमधून श्वास घ्या," दारातून बायको म्हणाली. "तेही शिकवतात ना शाळेत?"

तोंड पुसून तो परत बसला. दोन्ही तळवे उताणे करून मांडीवर ठेवले. मुठी उघड्या असल्या की रागाला धरायला जागा मिळत नाही, असं मॅडम म्हणत. त्याला ते पटलं नव्हतं. तरी तो तसाच बसला, आणि मग दुसरा कागद घेतला.

'मी खिडकी आपटली ते चुकलं. जावईबापू बरोबर बोलले, त्यांना तसं सांग. दुसऱ्याने काच बसवली याचा मला राग आहे. आणि मला यायचं आहे. येताना हत्यारं आणणार नाही. कठडा धरून येईन.'

बायकोने वाचलं. "राग आहे, ते खोडा की."

"राहू दे. तेही खरं आहे."

"आणि आई कशी आहे ते कुठाय?"

त्याने पेन उचललं. "कशी आहेस?"

हे विचारायची त्याला सवय नव्हती, उत्तर द्यायची तिला नव्हती.

"बरी आहे म्हणावं," ती म्हणाली. "वाट बघतेय."

सकाळी दुकान उघडण्याआधी तो पोस्टात गेला. पेटीच्या तोंडाशी हात नेला आणि 'दुसऱ्याकडून' हा शब्द पुन्हा वर आला. मूठ वळली, पाकिटाचा कोपरा चुरगळला. मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "काका, टाकताय ना?"

"टाकतोय," तो म्हणाला, आणि बोटं उघडली.

पाकीट आत पडल्याचा हलका आवाज आला. बाईंना वाट देऊन तो बाहेर आला. पोस्टाच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा होता. तो कधी धरत नसे. आज धरला, आणि सावकाश उतरला.