जोवेलिनचा पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. जुना म्हणजे दहा वर्षांचा. पलंगांच्या हिशेबात हे काही म्हातारपण नव्हे, पण वाट पाहत उभं राहिलं की लाकडालाही लवकर वय येतं. कॅलिफोर्नियातल्या वालेहो गावात, एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीत मी असतो. माझ्यावर आजवर कुणी एक रात्रही काढलेली नाही.

मला क्रिस्पुलो आब्रेनिका यांनी घडवलं. जन्म फिलिपिन्सचा, पण लहानपणीच ते इकडे आले आणि इथलेच नागरिक झाले. सव्वीस वर्षं त्यांनी जहाजांच्या गोदीत सुतारकाम केलं. बायको वारली, मूलबाळ नव्हतं, गोदीही बंद पडली. अशा वेळी त्यांना चर्चमध्ये मिंदा भेटली. मिंदा फिलिपिन्समधल्या इलोइलोहून नात्यातल्या एका बाईचं बाळ सांभाळायला पाहुणी म्हणून आली होती. व्हिसा संपला तरी राहूनच गेली. परत गेली असती तर पुन्हा येता आलं नसतं आणि तिकडे कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. तिची मुलगी जोवेलिन तेराव्या वर्षापासून आजीजवळ होती. मिंदा आणि क्रिस्पुलो यांचं लग्न ठरलं तेव्हा ती सतराची झाली होती.

लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी क्रिस्पुलो ओकच्या फळ्या घेऊन आले. आधी मिंदाला वाटलं, कपाट करणार असतील.

"कपाट कशाला? पोरगी येणार ना? ती काय जमिनीवर झोपणार?" ते म्हणाले.

त्या संध्याकाळी फोनचं कार्ड आणून इलोइलोला फोन लावला. तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली होती.

"किती उंच झालीस गं?" मिंदाने विचारलं.

"मम्मी, तू आता माझ्या खांद्याशी येशील. चार वर्षांत मी काय तशीच राहणार होते?"

मिंदा हसली खरी, पण नंतर बराच वेळ पदराआड तोंड लपवल्यासारखी भिंतीकडे वळून उभी राहिली. क्रिस्पुलोंनी फोन घेतला. जोवेलिन त्यांना तितो, म्हणजे काका म्हणायची.

"तितो, उशाशी पुस्तकं ठेवायला एक फळी कराल?"

"दोन करतो. आणि लांबी चार बोटं जास्तच धरतो. तुझा भरवसा नाही!"

पूर्ण ऑगस्ट महिना ते माझ्यावर राबत होते. एकही खिळा न मारता त्यांनी माझे सांधे खाचेत खाच बसवून जुळवले. पॉलिशपेपरने इतकं घासलं, की माझ्यावरून हात फिरवताना कुणाच्या बाहीचा धागाही अडकू नये. गोदीतला त्यांचा जुना सोबती बोनी मला उचलायला हात लावायला आला आणि ओरडला, "पुलो, पलंग केलास की लढाऊ जहाज? पोरीला झोपवायचंय का समुद्रात सोडायचंय?" पान्सितच्या शेवया खाताना सगळे माझीच तारीफ करत होते. खोटं कशाला सांगू, मी फुगलो होतो.

लग्नाचा दिवस ठरला पंधरा नोव्हेंबर. पुढचं सगळं सरळ होतं. लग्न झालं की क्रिस्पुलो नागरिक म्हणून बायकोसाठी अर्ज करणार, आणि बायकोच्या मुलीसाठीही. सावत्र मुलगी कायद्याने त्यांच्याच मुलीसारखी. चर्चमध्ये जो तो सांगायचा, "मुलगी एकवीसच्या आतली हवी, बास." जोवेलिन तीन डिसेंबरला अठरा पूर्ण करणार होती. म्हणजे तीन वर्षं हाताशी होती. कुणाला घाई वाटावी असं त्यात काहीच नव्हतं.

सप्टेंबरात आजीचा, लोला पासिंगचा फोन आला. आवाज इतका चढलेला होता, की फोन मिंदाच्या कानाला असूनही मला खोलीत स्पष्ट ऐकू येत होता.

"नोव्हेंबर? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? जूनमध्ये तुझ्या बहिणीचं लग्न झालंय! एका वर्षात एका घरच्या दोघी बहिणी बोहल्यावर चढल्या की एकीचं नशीब दुसरी खाते. सुकोब होईल, सुकोब! तिला आत्ता कुठे दिवस गेलेत. तिच्या मुळावर येतेस का?"

"आई, आता हॉलसुद्धा ठरलाय गं…"

"हॉल मोठा का बहीण? वर्ष पालटू दे. जानेवारीत कर की खुशाल. मी अडवलंय का?"

मिंदा या सगळ्यावर विश्वास ठेवणारी होती असं मी म्हणणार नाही. पण सख्ख्या बहिणीच्या पोटातल्या बाळाची गोष्ट आली, की भलेभले मऊ पडतात. ती क्रिस्पुलोंकडे बघत राहिली. ते हसून म्हणाले, "अगं, जानेवारी तर जानेवारी. दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय?"

तीन डिसेंबरला फोनवर वाढदिवसाचं गाणं म्हटलं गेलं. दहा जानेवारीला लग्न झालं. बहिणीला पुढे गोंडस मुलगा झाला. सगळ्यांचं नशीब शाबूत राहिलं.

फेब्रुवारीत दोघं कागद घेऊन वकीलबाईंकडे गेले. परत आले ते थेट या खोलीत, आणि माझ्या काठावर येऊन बसले. अंगातले कोटसुद्धा काढले नाहीत.

"पण एकवीस म्हणाले होते ना सगळे?" मिंदा पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

"एकवीस अर्जासाठी. पण नातं जुळायला हवं अठराच्या आत. लग्न मुलगी अठरा पूर्ण करायच्या आधी व्हायला हवं होतं. नाहीतर कायद्याच्या लेखी मी तिचा कुणीच नाही."

"कुणीच नाही?"

"अडतीस दिवसांनी चुकलं, मिंदा."

त्या दिवशी क्रिस्पुलोंनी दिवस मोजून ठेवले होते. मला आधी लोला पासिंगचा राग आला, मग चर्चमधल्या शहाण्यांचा आणि शेवटी या दोघांचा. एवढं मोठं घर करायला निघालात आणि एकदा विचारावंसं वाटलं नाही? पण रागावून काय होणार होतं!

पुढे मिंदाला स्वतःचे कायमचे कागद मिळाले आणि तिने आई म्हणून जोवेलिनसाठी वेगळा अर्ज केला. ही रांग फार लांबची. दहा-अकरा वर्षांची. शिवाय अट अशी, की तोवर मुलीने लग्न करायचं नाही. मिंदा दोनदा इलोइलोला जाऊन पंधरा-पंधरा दिवस राहून आली. दोन्ही वेळा विमानतळावरून घरी येताच या खोलीचं दार तिने लावून घेतलं.

माझ्यावर आधी चादर होती. मग तिकडे पाठवायच्या खोक्यांचं सामान आलं: साबण, डबाबंद मांस, बूट, चॉकलेटं. मग इस्त्रीचे कपडे. पुस्तकांच्या दोन फळ्यांवर औषधांच्या बाटल्या जमल्या. माझ्यावरची धूळ क्रिस्पुलो पुसायचे, पण पुढे गुडघे धरले आणि त्यांचं वाकणं बंद झालं.

गेल्या महिन्यात फोन आला. मिंदा इस्त्री करत होती, तिने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"मम्मी, मी लग्न करतेय. रेनांतेशी."

रेनांते बंदरावर क्रेन चालवतो. पाच वर्षं तो थांबलाय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"अगं, आता दोन-तीन वर्षंच राहिलीत," मिंदाचा आवाज चिरकला. "लग्न केलंस की अर्ज रद्द. नव्याने केला तर वीस-बावीस वर्षं लागतात. तोवर मी असेन का? इतकी कळ काढलीस, आणखी थोडी काढ ना, राणी."

"सत्तावीसची झाले मी. तेव्हा तू मावशीच्या नशिबासाठी थांबलीस. मग मी तुझ्यासाठी थांबले. आता कशासाठी थांबू, मम्मी? त्या पलंगासाठी?"

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की पोरी, माझ्यासाठी मुळीच थांबू नकोस.

इस्त्रीखालचा सदरा जळायला लागला होता. क्रिस्पुलोंनी येऊन इस्त्री उचलली आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवला. मिंदाने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "लग्नाचा झगा शिवायला टाकलास का? बाह्या लांब ठेवायला सांग. तुझे हात लांब आहेत."

तिकडून रडण्याखेरीज काही ऐकू आलं नाही.

मित्रांनो, आम्हां लाकडांची निगा राखा, वाळवीपासून जपा, असं मी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. कुणाला आपल्या घरी आणायचं असेल तर त्याचं वय आणि त्याचा नियम आधी जाणत्याकडून नीट विचारून घ्या, आणि मिळेल त्या पहिल्या दिवशी त्याला आणा. शुभ दिवस नंतर पाहता येतील. आणि एखाद्या घरात माझ्यासारखा ओरखडासुद्धा न पडलेला पलंग दिसला, तर "अगबाई, किती छान जपलाय!" असं म्हणू नका. त्या घरच्या बाईला ते ऐकवत नाही.