समुद्राच्या अलीकडे

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळी. माझं झाकण फिरवून घट्ट बसतं, म्हणून प्रवासात पाणी सांडत नाही. माझी हुशारी ती एवढीच. माणसांची गोष्ट सांगण्याइतकी समज माझ्यात आहे की नाही, याची मला शंकाच आहे. तरी मित्रांनो, सांगून बघतो.

निपाणीच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. शांतव्वाच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात दिलं आणि तिच्याबरोबर मी कोल्हापुरात आलो. घर गवळ्याचं. गोठ्यातल्या म्हशी शांतव्वाच्याच हाताला पान्हा सोडायच्या. दुसरं कुणी धारेला बसलं की लाथ ठरलेली.

मे महिन्यात तिचा नवरा चन्नवीर पोरांना घेऊन मालवणकडे समुद्रावर जायचा. शांतव्वा मला पाण्यानं भरून द्यायची आणि मागे राहायची. धारेचं कोण बघणार? बावड्याचा घाट, करवंदांच्या जाळ्या, घाट उतरल्यावरची लाल माती, सगळं मी पाहिलं, तिनं नाही. एकदा धाकट्या शांभवीनं मला समुद्राच्या पाण्यानं भरून आईसाठी आणलं. शांतव्वानं बोट बुडवून चाटलं.

"अगं बया, एवढं मीठ! कोण टाकतंय गं?"

सगळे हसले. ते पाणी तिनं कितीतरी दिवस ओतलं नाही. माझी आतली कल्हई त्यातच गेली, पण माझी तक्रार नाही.

पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. शांभवीचं लग्न झालं, तिनं गाडी घेतली. गेल्या दिवाळीनंतर ती आईला म्हणाली, "अव्वा, यंदा तुला समुद्रावर न्यायचंच."

तेव्हा गोठ्यात बाणी नावाची एकच म्हैस उरली होती. तिचं रेडकू मेलेलं, त्यामुळे ती जास्तच हट्टी झालेली.

"मी तुझं लुगडं नेसून बसतो," चन्नवीर म्हणाला. "तुझा वास आला की सोडंल पान्हा." गवळी लोक अशी युक्ती करतात.

"मग चार दिस आधी बसून बघा की."

"त्यात काय शिकायचंय? तू जा निवांत."

निघायच्या दिवशी, सकाळची धार शांतव्वानंच काढल्यावर, त्यानं लुगडं गुंडाळून दाखवलं. शेजारचा गुंडू दारातून ओरडला, "मामा, पदर घ्या की डोक्यावर! सासरं बसल्यात कट्ट्यावर!" शांतव्वा हसून हसून खाली बसली. बाटलीतल्या पाण्याला वास येतो म्हणून तिनं मला माळ्यावरून काढलं, चिंचेनं लख्ख घासलं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसली.

घाटात तिला गाडी लागली. वळणावळणाला थांबत, माझ्यातलं पाणी घोट घोट पीत ती दरीकडे बघायची आणि म्हणायची, "किती हिरवं गं हे!"

मुक्कामाच्या घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. नारळीची वाडी, ओसरीवर झोपाळा. पलीकडे सुरूची दाट रांग आणि तिच्यामागून एक सारखा घुमणारा आवाज.

"हे वाजतंय ते त्येच व्हय?"

"व्हय अव्वा. चल, पाय भिजवून येऊ."

शांतव्वा उठली आणि फोन वाजला. चन्नवीरचा आवाज कापरा होता. "शांता, कास दगडावानी झालीया. हात लावू देईना. लुगडं फाडलं तिनं."

"फोन तिच्या कानाशी धरा," शांतव्वा म्हणाली, आणि रोज बोलायची तशी बोलू लागली, "बाणी, अगं सोड बाई, सोड. मी हाय न्हवं…" मध्येच फोन तुटला. पुन्हा लागेना.

"गाडी वळीव."

"अव्वा, पाच मिनिटं! नुसतं बघून तरी ये."

"तिकडं मुकं जनावर तडफडतंय आन् मी हितं पाय भिजवू? आवाज ऐकला की. लई मोठा हाय."

शांभवी रडत गाडी चालवत होती. वाटेत कितीदा लावला तरी फोन लागेना, आणि घाटात तर रेंजच नव्हती.

घरी पोचलो, तर गोठ्यात दुधानं भरलेली बादली आणि तिच्याशेजारी फाटक्या लुगड्यात बसलेला चन्नवीर. "तुझा आवाज ऐकला आन् सोडला की तिनं पान्हा. किती फोन लावला गं तुला."

शांतव्वा बादलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. फुडच्या खेपंला जाऊ."

पुढची खेप आली नाही. संक्रांतीच्या आधी ताप आला, दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही.

ती गेल्यावर चन्नवीर तिचं लुगडं नेसून रोज बाणीखाली बसू लागला. दारातून ओरडणारा गुंडू आता आत येऊन बाणीपुढे वैरण टाकायचा. पहिले दोन दिवस लाथा खाल्ल्या. पण आठवडाभरात बाणीला त्याचा हात सवयीचा झाला. आता लुगडंही लागत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी दर सहलीला कुणीतरी मागे राहत असेल. त्यांच्यासाठी गाडीत जागा ठेवाच, पण त्याआधी त्यांच्या हातचं काम शिकून घ्या. फार दिवस लागत नाहीत. आठवडा पुरतो.