अळ्यांना नेमकं काय हवं होतं

प्रयोगशाळेत तिला सगळे अळीबाई म्हणत. चिडवायला ठेवलेलं नाव तिने स्वतःच आपल्या कपाटावर लिहून टाकलं, तेव्हा चिडवणाऱ्यांची हवाच गेली.

प्रथिनं आणि साखर वेगवेगळ्या तुकड्यांत समोर ठेवली, तर अळी गरजेप्रमाणे दोन्ही निवडून खाते, हे तिला सिद्ध करायचं होतं. पण अळ्या काही दाद देत नव्हत्या. सगळ्या साखरेला चिकटून बसत आणि वाढ खुंटून मरत.

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी समजुतीनेच सांगितलं, की मुदत संपत आलीय, एखादा सोपा विषय घे. विचार करते म्हणून ती उठली आणि थेट अळ्यांच्या डब्यांपाशी गेली.

रविवारी थोरली बहीण तिला जेवायला न्यायला आली. आई वाट बघत होती. निघता निघता अळीबाईने भिंगातून शेवटचं पाहिलं. एक अळी प्रथिनांच्या तुकड्याकडे गेली, तोंड लावलं, घसरली. पुन्हा तोंड लावलं. मग कंटाळून साखरेकडे वळली.

ती हळूच म्हणाली, "ताई, हिला ते नकोय असं नाही. हिला ते चावता येत नाहीये."

"म्हणजे तू आता जेवायला येत नाहीस, असंच ना?"

तिने मान डोलावली. ताईने आईला फोन करून जेवून घ्यायला सांगितलं, बाह्या सरसावल्या आणि नाक मुरडत का होईना, डब्या धुवायला घेतल्या.

प्रथिनांची पूड पाणी शोषून घेत होती, त्यामुळे तुकडा वाळून कडक व्हायचा. तिने पाणी वाढवलं, तर त्याचा चिखल झाला आणि अळ्या त्यातच रुतल्या. मग घट्टपणासाठी थोडं आगर, म्हणजे समुद्री शेवाळापासूनची जेलीची पूड, वाढवलं. असं करत करत दोन्ही तुकडे बोटाला सारखेच मऊ लागेपर्यंत ती हटली नाही. मग नव्या अळ्या सोडल्या.

या खेपेला अळ्या दोन्ही तुकड्यांवर येऊन-जाऊन खाऊ लागल्या. आधी नुसत्या साखरेवर ठेवलेल्या तर सरळ प्रथिनांवर तुटून पडल्या.

तिने मॅडमना बोलावून आणलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"एकदा जमलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही."

"माहीत आहे मॅडम. पुढच्या खेपेची अंडी कालच ठेवलीत."

मॅडमनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि भिंग स्वतःकडे सरकवून घेतलं.